उरलेले दोघे

कल्पना करा, तुम्ही कोराडीच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात बसला आहात. बाईंनी नाव न लिहिता भरायचा कागद वाटला आहे. ‘मधल्या सुट्टीत डबा कोणासोबत खाता?’ या प्रश्नापुढे नवीन आलेल्या मेघाने हाताचा आडोसा करून लिहिलं, ‘एकटीच.’ कोणी ओळखेल या धास्तीने कागदाची घडीही घातली.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “आपल्या वर्गात तिघं जण एकटेच जेवतात.”

“कोण आहेत जी, मॅडम?” अश्विनने विचारलं.

“मलाही माहीत नाही. नावं कुठं लिहिली होती?”

तिघं? मेघाला तर वाटत होतं, अशी आपण एकटीच.

घंटा झाली. मेघाने डबा उचलला आणि शेवटच्या बाकावर एकटीच डबा उघडणाऱ्या पिंकीजवळ जाऊन म्हणाली, “सरक ना वं जराशी.”