सहाव्या फेरीची पूड

टाकव्याच्या त्या छोट्या कारखान्यात करडी, वाळूसारखी पूड पाच वेळा कामाला लागली होती. आम्ल आणि अमाईन एकत्र तापवलं, की ती दोघांना जोडून अमाईड करून द्यायची आणि गाळणीत जशीच्या तशी परत मिळायची. आधी हेच काम जहाल द्रव आम्लाचं होतं. ते मारायला चुना, धुवायला पाणी, पाणी न्यायला टँकर.

एकच पूड सहा फेऱ्या चालेल, असा शब्द कारखान्यातल्या केमिस्ट चंद्रिकाने मालकांना, माधवरावांना, दिला होता. पण पाचव्या फेरीत निम्मं आम्ल न जुळताच राहिलं.

"दमली तुझी पूड," माधवराव म्हणाले. "उद्या सहावी करून बघ. नाहीतर जुन्या आम्लाचा ड्रम उघडू."

"दमली नाहीये, सर. कारण शोधते मी."

गाळणीची फडकी धुणाऱ्या शकुबाईने मान वर केली. "मध्यस्थ रुसला म्हना की. चार लग्नं लावून दिली गुमान, आन आताच काय झालं त्याला?"

चंद्रिका हसली. धुतलेल्या पुडीचा ट्रे भट्टीतून काढून तिने नेहमीसारखा खिडकीत ठेवला. बाहेर श्रावणातलं धुकं डोंगर उतरून अंगणात आलं होतं.

"तितं कशापायी, ताई?"

"गार व्हायला, मावशी."

"लोनावळ्याला धा वर्सं चिक्की भरली मी. अशी उघडी टाकली असती तर मुकादमानं हाकलली असती. धुकं पिऊन मऊ पडती ती. कोमट हाय तवर बरनीत, आन झाकन घट्ट."

चंद्रिकाचा हात ट्रेवरच थांबला. पहिल्या चार फेऱ्या उन्हाळ्यात झाल्या होत्या; पाचवीच्या आधी मात्र ट्रे असाच धुक्यात राहिला होता. पाणी प्यायलं की या पुडीचा जोर जातो, हे तिला पाठ होतं. म्हणून तर प्रत्येक जोडणीत सुटणारं पाणी ती वाफेवाटे काढून घेत होती. आणि खिडकीतून मात्र स्वतःच पाजत होती.

ट्रे पुन्हा भट्टीत गेला. पूड कोमट असतानाच बरणीत भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाव्या फेरीचा थेंब लावलेली काचपट्टी तिने तपासायला निळ्या दिव्याखाली धरली. आम्लाचा डाग कुठेच नव्हता. अमाईडचा तेवढा एकटा, ठसठशीत.

"चूक माझी होती, सर. पुडीची नाही."

माधवरावांनी पट्टी दोनदा फिरवून पाहिली. मग उठून खिडकी लावून घेतली. "सातवी कधी लावतेस?"

"धुऊन वाळली की लगेच."

"झाकन मी लावनार," शकुबाई म्हणाली. "तुमचं ढिलं ऱ्हातंय."