औषधाच्या डबीतला कागद

मित्रांनो, मी एक जुना, बारा घड्यांचा कागद आहे. औषधाच्या डबीत गोळ्यांबरोबर असतो आणि सगळ्यांत आधी फेकला जातो, तोच मी. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बियांपासून केलेल्या गोळ्यांची माहिती माझ्यावर छापली आहे. शिरा फुगून पाय सुजतात, जड होतात, त्यावर त्या घेतात.

छापखान्यात मला तपासणारे एक काका होते. सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत. माझी मुंगीएवढी अक्षरे त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली. अर्थाकडे लक्ष गेले की चूक निसटते, असे ते सांगत. मालकांनी त्यांची पाठ थोपटली आणि माझी पहिली प्रत त्यांनी कौतुकाने घरी नेली. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले. मग कपाटात पडलो, तो पडलोच.

काकू लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करत. संध्याकाळी त्यांचे पाय चपलेत मावत नसत. डॉक्टरांनी ह्याच गोळ्या दिल्या आणि सूज उतरू लागली. एकदा गोळ्या संपल्या. छापखान्यामागे ह्याच जातीचे एक झाड होते, त्याखाली तपकिरी बियांचा सडा पडला होता. काकांनी पिशवी भरून आणली.

"अहो, डॉक्टरांना विचारा तरी," काकू म्हणाल्या.

"अगं, त्या गोळ्यांचा कागद मीच तपासलाय. ह्याच बिया असतात त्यात!"

मी कपाटात तळमळत होतो. कच्च्या बिया, साल, पाने विषारी असतात, गोळ्या करताना आधी ते विष काढतात, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारावे, हे सगळे माझ्यावरच होते. पण कागदाला कुठला आवाज? काकांनी बिया कुटून पूड केली आणि पेलाभर पाण्यात कालवून काकूंना दिली.

"किती कडू हो!"

"औषध कडूच असायचं."

चार दिवस काकूंनी ती पूड पाण्यातून घेतली. मग उलट्या सुरू झाल्या, हातपाय गळून गेले. दवाखान्यात नेले, पण काकू परत आल्या नाहीत.

त्यांचे कपडे आवरताना मी काकांच्या हाताला लागलो. ह्या वेळी ते अक्षरे तपासत नव्हते. कच्च्या बियांच्या विषाच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"हे मी वाचलं होतं," ते म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडले.

मित्रांनो, माझ्यासारखा कागद हाती आला तर अर्थ लावून वाचा. कळले नाही तर विचारा, आणि झाडाखालचे बी औषध म्हणून तोंडात घालू नका. 'ह्यांनी वाचलंय', एवढ्याच भरवशावर काकूंनी रोज तो पेला संपवला होता.