माझ्या अंगाला बांधलेली ताडपत्री

मित्रांनो, मी स्टार्चच्या कारखान्यातील एक जुनी चाळणी आहे आणि मी अतिशय रागावलेली आहे.

चाळणी म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातील खुंटीवर टांगलेली चाळणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहील. मी तशी नव्हे. मी पोलादाची, पुरुषभर उंचीची आणि विजेवर थरथरणारी आहे. मक्यापासून काढलेली पांढरीशुभ्र पूड वरून माझ्या पोटात पडते, माझ्या जाळीतून गाळली जाते आणि खालच्या नळीतून गोणीत उतरते. पुढे ती बिस्किटांत आणि लहान मुलांच्या खाण्यात जाते. ज्या कारागिराने माझी चौकट जोडली, त्याने शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, "जा बाई, एकही खडा पुढे जाऊ देऊ नकोस." ती आज्ञा मी आजवर पाळली. पूर्वी पाहुणे आले की त्यांना प्रथम माझ्यापुढे आणीत व सांगत, "ही जुनी आहे, पण खमकी आहे."

मला सांभाळणाऱ्या बाईंना सर्वजण मावशी म्हणतात. बटण दाबल्यावर त्या आपला तळहात माझ्या कुशीवर ठेवतात व क्षणभर उभ्या राहतात. आई मुलाचा ताप पाहते, तसे ते असते. तेवढ्या स्पर्शावर मी दिवसभर राबते.

मग कारखाना वाढविण्याचे ठरले. वाढावा! माझी त्याला यत्किंचितही हरकत नव्हती. माझ्या पाठीमागची भिंत पाडून पलीकडे नवे दालन व्हावयाचे होते. परंतु साहेबांनी बजावले, "भिंत पडली पाहिजे आणि माल एक मिनिटही थांबता कामा नये." एकाच तोंडाने फुंकावयाचे आणि त्याच तोंडाने पीठ खावयाचे, असा तो हुकूम होता. त्यावर सर्वांनी माना डोलावल्या.

भिंतीच्या कामावर जे मुकादम आले, ते मावशींचे सख्खे धाकटे दीर होते. धूळ इकडे येऊ नये म्हणून मध्ये ताडपत्री लावावयाची होती. ती ज्या खांबाला बांधावयाची, तोच खांब त्यांनी घाईत सर्वांआधी पाडला. आता ताडपत्री कोठे बांधावी? त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि तिचा दोर माझ्या पायाला आवळला.

मावशी धावत आल्या. "अहो भावजी, माझ्या चाळणीला कसली दावण बांधताय?"

"का? चाळणी माहेराहून आणलीय का वहिनी? दोन दिवस दोर धरला तर झिजणार नाही ती."

"ती थरथरते हो."

"थरथरू दे की. म्हातारपणी सगळेच थरथरतात."

"आणि खांब कशाला पाडलात आधी?"

"चुकलं. आता काय हवेत टांगू ताडपत्री? साहेबांना सांगा जाऊन, माझं काम जाईल, तुम्हाला बरं वाटेल."

मावशी साहेबांकडे गेल्या नाहीत. मुकादम त्यांच्याच घरी जेवत होते. घरच्या माणसाच्या ताटातील भाकरी कोण काढून घेणार?

मित्रांनो, पलीकडे घण पडू लागले आणि अलीकडे मी थरथरू लागले. ताडपत्रीच्या वरच्या घडीत झोळ पडला होता. सिमेंटची धूळ त्या झोळात साचे आणि माझ्या प्रत्येक कंपाने अलीकडे सांडे. कोठे? माझ्या नळीखालच्या उघड्या गोणीत! मी वरून गाळून स्वच्छ करीत होते आणि माझ्याच थरथरण्याने ते खाली घाण होत होते. मला ओरडता येत असते तर कारखान्याचे पत्रे उडाले असते.

लवकरच लहान मुलांचे खाणे बनविणाऱ्यांकडून गोण्या परत आल्या. पूड दाताखाली करकरत होती. सकाळी मी सुरू होण्यापूर्वीच साहेब पांढरीशुभ्र टोपी घालून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मुकादम आधीच हजर होते.

"साहेब, जुनं धूड आहे हे. जाळी फाटली असणार. नव्या दालनात नवं यंत्र येतंच आहे, हे भंगारात काढा."

न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत आणि बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, ते असे! त्यांनी तर खरोखरच माती विकली होती. माझी जाळी अखंड होती; तिच्यातून एक कणही गेलेला नव्हता. परंतु मी भंगारात गेले असते, आणि नव्या यंत्राजवळ मनुष्य लागत नसल्यामुळे मावशीही घरी बसल्या असत्या.

"काय हो मावशी, जाळी फाटली आहे का?" साहेबांनी विचारले.

मावशींनी दिराकडे पाहिले. दीर जमिनीकडे पाहत होते. मला इतर कोणाचा आला नाही एवढा राग त्या क्षणी मावशींचा आला. ज्या हाताने माझी कूस चाचपली, तो हात पदराला पुसत त्या उभ्या होत्या.

"अहो, विचारतोय मी."

"साहेब, जरा असे अलीकडे या. हां, तिथंच, गोणीपाशी," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी हिरवे बटण दाबले.

मित्रांनो, मी आयुष्यात तशी थरथरले नव्हते! दोर ताणला, ताडपत्री हादरली आणि झोळातील सगळी राखाडी धूळ साहेबांच्या टोपीवर, भुवयांवर आणि गोणीत भसाभसा कोसळली.

"बंद करा!" साहेब खोकत ओरडले. जे यंत्र एक मिनिटही थांबणार नव्हते, ते थांबले.

"वहिनी, घरचं माणूस ना मी?" मुकादम हलक्या आवाजात म्हणाले.

"म्हणूनच तोंडाने बोलले नाही, भावजी," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

त्या सर्व गोण्या फेकून दिल्या. भिंत पूर्ण होईपर्यंत काम बंद राहिले. म्हणजे आधी जेवढे थांबावयाचे होते, तेवढे शेवटी थांबावेच लागले. मुकादमांचे काम गेले आणि त्यांनी मावशींच्या घरी येणे सोडले. साहेबांनी टोपी तेवढी बदलली. माझी क्षमा कोणीही मागितली नाही.

मित्रांनो, घर वाढवा, कारखाना वाढवा. परंतु जो राबतो आहे त्याच्याच अंगाला बांधकामाचा दोर बांधू नका. आणि बांधलाच, तर जे खाली सांडेल त्याचा आळ त्याच्या माथी मारू नका.

माझ्या कंपाने त्या दोराची गाठ इतकी आवळली होती की ती सुटेना. अखेर दोर कापला व गाठ माझ्या पायातच राहिली. मावशी कधी कधी खाली बसून ती नखाने उकलू पाहतात व म्हणतात, "सूट गं एकदाची. घरात अबोला आलाय तुझ्यापायी."

माझ्यापायी नव्हे, मावशी! मी जोराने थरथरते आणि गाठ आणखी घट्ट होते.