बाहेरगावी जाण्याचा रकाना

साहेब, त्या बाईला घरात डांबलंय ते तुम्ही. कुलूप लावलं नाहीत, एवढंच.

ओल्या कचऱ्याची गाडी तुम्ही बंद केलीत आणि घरटी एक गांडुळांची पेटी वाटलीत. दर सोमवारी तपासणी. एक जरी पेटी मेली, तरी अख्ख्या इमारतीचा सुका कचराही उचलणार नाही, असा फतवा काढलात. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आपली पेटी जिवापाड सांभाळली. गांडुळांखाली अंथरलेला ओला कागद मुठीत पिळला की दोनच थेंब पडले पाहिजेत. त्यांच्या बोटांना ते न बघता कळायचं. वरच्या काकूंची गांडुळं उन्हानं मेली, तशा त्या नवी पेटी घेऊन खाली आल्या. "तुम्ही काय, घरीच असता!" मागोमाग समोरचे मास्तर. बघता बघता गॅलरीत सात पेट्या झाल्या, शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि तुमच्या तपासनिसानं दारावर पाटी ठोकली : आदर्श केंद्र. चांगलं करायला गेल्या आणि गळ्यात धोंड पडली.

आता लेकीला नववा लागलाय. पहिलटकरीण, दोन दिवसांच्या प्रवासावर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. रोज फोन : "आई, येतेस ना गं?"

बाईंनी सहाही दारं वाजवली. महिनाभर आपापली पेटी न्या म्हणाल्या.

"अगं बाई, मला त्या वळवळीची किळस येते," काकू म्हणाल्या.

"केंद्र तुमच्या नावावर," मास्तर म्हणाले. "आम्ही कसा हात लावणार?"

सोमवारी तपासनिसानं पेटीवरचं गोणपाट उचललं. "वा मावशी, गुटगुटीत आहेत!"

"मला महिनाभर लेकीकडे जायचंय. लिहून घ्या."

त्यानं फॉर्म उलटापालटा केला. "बाहेरगावी जाण्याचा रकानाच नाही हो. मेल्याचा आहे."

"कोण मेल्याचा?"

"गांडुळं, मावशी!"

तो गेल्यावर बाई मिठाची बरणी घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या. सात मुठी पुरल्या असत्या. पण मग खाली कचरा सडला असता आणि सहा घरांनी परतल्यावर त्यांना फाडून खाल्लं असतं. त्यांनी बरणीला झाकण लावलं, कपड्यांची पिशवी भरली आणि तडक तुमचं ऑफिस गाठलं.

सकाळपासून त्या तुमच्या दाराबाहेर बाकावर बसून आहेत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," हे शिपायानं चारदा ऐकवलंय. पाचची गाडी आहे, साहेब. बाईंनी जायचं की नाही? नाही म्हणायचं असेल, तर बाहेर या, बाईंच्या हातातला फोन घ्या आणि त्यांच्या लेकीला तुमच्या तोंडानं सांगा. सांगता?