उघाडीचा घास

परब कुटुंब शेवंती हाइट्समध्ये राहायला आलं त्या सकाळी लिफ्टनं एक कुत्रा मारला.

सामान चढवणं चालू होतं. वॉचमनचा तांबडा कुत्रा लिफ्टच्या दारात उभा होता. तो मध्ये असतानाच दार बंद झालं आणि लिफ्ट वर निघाली. कुत्र्याचा पुढचा भाग वर गेला, मागचा तळमजल्यावर राहिला. हमालांनी उरलेलं सामान जिन्यानं पाचव्या मजल्यावर नेलं. मयूर पाटीलनं पाइप लावून फरशी धुतली आणि सेन्सर बिघडला असेल असं सांगितलं. मयूर सोसायटीचा सेक्रेटरी होता. इमारतीची जमीन त्याच्या घरची होती आणि इमारतीला नाव त्याच्या पणजीचं होतं.

ठाण्याच्या खाडीकडच्या अंगाला ही जमीन आधी मिठागर होती. मिठागराला बांध असतो आणि बांधाला उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि सोडायचं दार. या मिठागराची उघाडी जिथे होती, तिथेच आता लिफ्टचा खड्डा होता.

परब वर्तकनगरहून आले होते. ऋतुराज नौपाड्यात चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. बायको रसिका, सात वर्षांची मुलगी उर्वी आणि वडील गुणाजी. गुणाजी खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. घरात सगळे त्यांना नाना म्हणत.

"सेन्सर बिन्सर काय नाय," नाना म्हणाले. "जागेक राखणदार आसा. त्येका उपाशी ठेवलेलो आसा."

"नाना, प्लीज," ऋतुराज म्हणाला. "आत्ताच आलोय आपण. शेजारी हसतील."

पण शेजारी हसले नसते. इमारतीत बहुतेक लोक जिनाच वापरत होते. वर्षभरात या लिफ्टनं दूधवाल्याचा हात कोपरापासून नेला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचे केस कातडीसकट. हे परबांना आल्यावर कळलं.

तळमजल्यावर लिफ्टशेजारी मयूरची आजी बायजा राहत होती. नाना तिच्याकडे गेले तेव्हा ती दारात बसून कोलंबी सोलत होती.

"कोंबरा लागतो त्याला," तिनं लगेच सांगितलं. "दर साली द्याचो. मिठागर व्हतं तवा पन, बिल्डिंग झाली तवा पन. आथा माझा नातू शिकला ना! मीटिंग घेतली, म्हनं सोसायटीत कापाकापी नाय चालनार. मंग बसा आथा हात मोजत."

"मी देतंय," नाना म्हणाले.

"दे, दादा. भरतीच्या येलेला दे. तुला येतं ना सगलं?"

नानांना हसू आलं. गावी देवळासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. "माका इचारतंस?" ते म्हणाले.

तिनं पुढे सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

रविवारी दुपारी भरती होती आणि मयूर एका साखरपुड्याला गेला होता. नानांनी लिफ्टच्या दारासमोर नारळ ठेवला, कोंबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण धनी आसात, त्येका आज ही राखण दिलेली आसा. ही लेकरा तुझ्या पायाकडे आयली आसत. त्यांका सांभाळ रे म्हाराजा."

"होय महाराजा," रसिका म्हणाली. लग्न झाल्यापासून तिला हे पाठ होतं. उर्वीही आईच्या मागून म्हणाली.

मान एका घावात तुटली. रक्त फटीतून खाली खड्ड्यात गेलं. खालून पाणी ढवळल्यासारखा आवाज आला. नानांनी समाधानानं मान हलवली, मुंडी आणि धड पिशवीत घातलं आणि वर आणलं.

मालवणकडे राखणीचा कोंबडा असाच देतात. देवाला रक्त आणि गाऱ्हाणं, मग कोंबडा शिजवायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. रसिकानं वडे तळले. ऋतुराजनं दोन्ही तंगड्या घेतल्या. मुंडी नानांची, ती त्यांना नेहमीच लागे. रसिकाच्या वाट्याला पंख आले. काळीज नानांनी आपल्या हातानं उर्वीच्या ताटात वाढलं.

"काळीज खाल्लंस काय भिऊक होवचा नाय," ते म्हणाले.

"नाना, अजून आहे?" उर्वीनं विचारलं.

"एका कोंबड्याक एकच काळीज, बाये."

जेवणानंतर ऋतुराज हाडांची पिशवी टाकायला निघाला. लिफ्टनं जाऊ नकोस, असं रसिका म्हणाली. "आता काय, आता पोट भरलंय तिचं," तो हसत म्हणाला आणि आत शिरला.

तळमजल्यावर मयूर नुकताच परतला होता. त्याला ओरडणं ऐकू आलं. लिफ्ट तळाशी आली होती, दार अर्धं उघडलं होतं आणि आत ऋतुराज कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पाणी गढूळ होतं. दार उघडं असूनही ते बाहेर येत नव्हतं. मयूरनं त्याच्या दोन्ही काखांत हात घालून ओढलं. खालून कुणीतरी उलट ओढत होतं. वॉचमननं मयूरची कंबर धरली. मग ओढ एकदम सुटली आणि तिघं मागे कोसळले. ऋतुराजचे दोन्ही पाय मांडीच्या सांध्यातून निघाले होते. कापल्यासारखे नाही, शिजलेली तंगडी पिळून काढावी तसे. जखमांवर मिठाचा जाड थर होता, त्यामुळे रक्त फारसं गेलं नाही. तो जिवंत होता आणि शुद्धीवर होता.

मयूरनं त्याला चादरीत गुंडाळलं, गाडीत घातलं आणि वॉचमनला घेऊन हॉस्पिटलकडे गेला. रसिका उर्वीला घेऊन जिन्यानं खाली पोचली तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडत होती. नाना मागून येत होते.

बायजा लिफ्टसमोर उभी होती. तिनं नानांना एवढंच विचारलं, "दादा, कोंबरा खड्ड्यात टाकलास ना?"

"टाकूक कित्याक? जेवलो आमी."

बायजा भिंतीला टेकून खाली बसली.

"त्याचा घास हाय तो," ती म्हणाली. "पिसासकट, नखासकट त्याला द्याचा. आमी कंदी त्यातला रस्सा पन नाय चाखला. कोनी काय खाल्लं?"

"ऋतुराजनं तंगड्या खाल्ल्या," रसिका म्हणाली.

"अरं, कोनी काय खाल्लं? त्यानं पाय खाल्लं, त्याचं पाय गेलं. तुमी काय खाल्लं?"

रसिकानं आपल्या दंडांकडे पाहिलं, मग नानांच्या मानेकडे. मग तिनं उर्वीला उचललं आणि रस्त्याकडे पळत सुटली.

फाटकाशी रिक्षा उभी होती. रसिकाचा पाय फाटकाबाहेर पडला आणि उर्वी किंचाळली. तिच्या तोंडातून खारट पाण्याची गुळणी आली. पिवळ्या फ्रॉकवर उजव्या बरगडीखाली लाल रेघ उमटली आणि रुंद होत गेली. रसिकानं फ्रॉक वर केला. कातडी आतून फाटत होती, आतून कुणी बोट घालून चाचपत असावं तशी. ती दोन पावलं मागे, फाटकाच्या आत आली. फाटणं थांबलं. रिक्षावाल्यानं हे पाहिलं आणि तो रिक्षा घेऊन निघून गेला.

रसिका परत आली. तिनं उर्वीला बायजाच्या मांडीवर ठेवलं आणि ओढणी जखमेवर दाबून धरली.

"उपाय सांगा," ती म्हणाली.

"माझ्या सासऱ्याच्या येलेला तिघा भावांनी असाच कोंबरा भाजून खाल्ला," बायजा म्हणाली. "एकाचा हात गेला. मंग थोरला सोता उघारीत उतरला. पुरा. बाकीचं दोगं म्हातारं होऊन मेलं. कोंबऱ्याच्या बदली एक मानूस, पन पुरा मानूस. अर्धा त्याला नाय चालत."

"दुसरा कोंबडा?"

"तो आदी द्याचा. घास काढल्यावर नाय."

रसिकानं सासऱ्यांकडे पाहिलं.

"मी जातंय," नाना म्हणाले. "मी कापलंय, मी वाढलंय. मीच जातंय." त्यांनी शर्टाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. उर्वीजवळ वाकून तिच्या गालाला हात लावला. ते लिफ्टसमोर गेले तसं दार आपोआप उघडलं. आत लिफ्ट नव्हती. उंबऱ्यापर्यंत पाणी होतं आणि त्यावर कोंबड्याच्या रक्ताचा तवंग.

नाना उभे राहिले. पाण्यातून काहीतरी वर आलं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. त्यांनी पाय मागे घेतला.

"गाऱ्हाणा घालतंय आदी," ते म्हणाले. "बा देवा म्हाराजा..."

त्यांनी गावच्या देवाला हाक मारली, मग बारा वाड्यांच्या देवांना, मग आपल्या घराण्यातल्या पुरुषांना एकेक करून. रसिकाला हे गाऱ्हाणं माहीत होतं. नावं घेऊन झाली की ते संपायला हवं होतं. ते संपलं नाही. नाना पुन्हा पहिल्या देवावर आले.

बायजाच्या मांडीवर उर्वी आखडली. ओढणीतून रक्त वर आलं.

"नाना," रसिका म्हणाली.

"थांब गो, चुकलंय, परत म्हणतंय. बा देवा म्हाराजा..."

"नाना, ती जातेय."

"माका भय वाटता, रसिका," नाना तिच्याकडे वळून म्हणाले. "मयूराक येऊ दे. डॉक्टराक इचारूया. माका..."

"होय महाराजा," रसिका म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांना छातीवर ढकललं.

ते कमरेपर्यंत आत गेले, पण त्यांनी उजव्या हातानं दाराची चौकट धरली आणि डाव्या हातानं रसिकाचं मनगट. सत्तरीतल्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिचा दंड खांद्यातून कडकड वाजला. नाना ओरडत होते, आईला हाक मारत होते. मागून बायजानं आपल्या दारातल्या कोलंबीच्या टोपल्याशेजारचा कोयता पायानं सरकवला. तो रसिकाच्या पावलाला लागून थांबला.

पहिला घाव तिनं चौकटीवरच्या बोटांवर घातला. दुसरा तिथेच. मनगट धरलेल्या हातावर तिसरा घातला, तो हाडात अडकला, तो उपटून चौथा. हात सुटला. नाना तिच्या डोळ्यांत पाहत खाली गेले. त्यांना आत घेणाऱ्यानं घाई केली नाही. मान तुटल्याचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

उर्वीची जखम मिटली नाही.

"पुरा," बायजा ओरडली. "पोरी, पुरा!"

नानांची बोटं फरशीवर पडली होती. रसिका गुडघ्यांवर बसली. तिचा डावा हात लोंबत होता. उजव्या हातानं तिनं एक बोट उचलून पाण्यात टाकलं, मग दोन टाकली. एक बायजाच्या चपलांच्या रॅकखाली गेलं होतं. तिनं पालथं पडून ते काढलं, त्याला चिकटलेल्या केरासकट टाकलं. मग तिनं फरशीवरचं रक्त तळहातानं ओढून उंबऱ्याच्या आत लोटलं, जिभेनं चाटता येईल एवढंही मागे ठेवलं नाही. दार बंद झालं. वर कुठेतरी लिफ्ट सुरू झाली आणि खाली आली. आतली फरशी कोरडी होती, दिवा नीट जळत होता.

उर्वीच्या बरगडीखाली पांढरी रेघ उरली होती. तिला वेदना नव्हत्या. ती डोळे उघडे ठेवून आईकडे पाहत होती, आणि रसिकाच्या लक्षात आलं की ती सुरुवातीपासून पाहत होती.

बायजाचा फोन वाजला. मयूर होता. ऋतुराजला ऑपरेशनला घेतायत, वाचेल असं डॉक्टर म्हणतायत, त्याच्या वडिलांना लगेच इकडे पाठव, तो सारखा त्यांनाच विचारतोय. बायजानं फोन रसिकाच्या कानाला लावला. रसिकानं सगळं ऐकलं आणि "येते" एवढंच म्हणाली.

तिनं उर्वीकडे हात केला. उर्वीनं बायजाचं लुगडं मुठीत घट्ट धरलं.

"चल, बाळा. बाबांकडे जायचंय."

"नानांनी थांब म्हटलेलं," उर्वी म्हणाली. "ते घाबरलेले. तू त्यांना थांबू नाही दिलंस."

रसिकानं तिची मूठ सोडवली आणि तिला एका हातानं खांद्यावर घेतलं. उर्वी तिला मारू लागली. आधी पाठीवर, मग मानेवर, मग निखळलेल्या खांद्यावर, दोन्ही मुठींनी, दात ओठ खात. फाटकापर्यंत ती मारत होती. फाटकाबाहेर रसिका क्षणभर थांबली, फ्रॉक वर करून बरगडीखाली पाहिलं, मग रस्ता ओलांडून रिक्षाला हात केला. रिक्षा चालू लागली तरी उर्वीचे ठोसे थांबले नाहीत. ते चांगले जोरात बसत होते. रसिकानं तिला मारू दिलं.