सोजरनं निवडलेला प्रेस

जगदेवानं मोटार आणली तेव्हा तिला पुढून बैल जुंपले होते. शिरपूरला दर्शनाला आलेल्या कुठल्याशा व्यापाऱ्याची ती गाडी तिथेच बंद पडली आणि तो वैतागून तिला सोडून गेला, ते आमच्या जगदेवाच्या पथ्यावर पडलं. आमचं सगळं रिठद गाव बघायला जमलं. मीही पोट धरून हसलो. जगदेव माझा चुलत भाऊ, माझ्याहून मोठा. रिसोडच्या कापसाच्या जीन-प्रेसात हंगामाला काम करून करून यंत्रांच्या नादी लागलेला. "हासा," तो म्हणाला, "दिवाळीले याच मोटारीत बसासाठी माह्या मागं मागं फिरसान."

दिवाळी त्याला दिसली नाही. मोटारीच्या पुढच्या चाकाची खीळ गंजून आसात घट्ट बसली होती. ती काढायला त्यानं गोठ्यात मोटारीचं तोंड धोंड्यांवर उचलून ठेवलं, खाली शिरला आणि घणानं ठोकत राहिला. ठोकता ठोकता धोंडा सरकला. आम्ही मोटार उचलून परत धोंड्यांवर टेकवली आणि त्याला बाहेर काढलं तेव्हा घण त्याच्या मुठीतच होता.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. जगदेवाचा थोरला भाऊ शालिग्राम हात जोडून एकेक कबूल करत गेला. सोजरला, म्हणजे जगदेवाच्या बायकोला, अंतर देणार नाही म्हणाला. तिच्या नावानं वावर करून देतो म्हणाला. कावळे बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते. ऊन चढलं, माणसं कंटाळली, एकदोघं तर दर्भाचा कावळा करा म्हणू लागले. जगदेवाला तो बापू म्हणायचा. शेवटी रडकुंडीला येऊन शालिग्राम ओरडला, "तुही मोटार मी चालू करतो, बापू!" आणि कावळा खाली उतरला.

सोजर तेव्हा लांब, बायकांमध्ये बसली होती. तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. पण रडणाऱ्या बाईचे ओठ हलतातच.

महिना उलटला आणि गोठ्यातून घणाचा आवाज यायला लागला. भरदुपारी, जेवणं होऊन घर कलंडलं की ठण्, ठण्. थोडा वेळ थांबायचा, जसा जगदेव घाम पुसायला थांबायचा, आणि पुन्हा ठण्. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तावातावानं गोठ्यात गेलो, कुणी चावटपणा करत असेल तर कानफटात ठेवून द्यायच्या बेतानं. आत कुणी नव्हतं. मोटार धोंड्यांवर तशीच होती, तिला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. घण कोपऱ्यात पडला होता. मी तो उचलला तर त्याचं तोंड गरम होतं. उन्हाळा होता, कबूल, पण गोठ्यात सावली होती. मी घण टाकला आणि सरळ पळालो.

शालिग्राम झुरायला लागला. "मी बोललो, न् केलं नाही," एवढंच तो धरून बसला. मग एक दिवस त्याच्या डोक्यानं घेतलं की प्रेस, म्हणजे दाबयंत्र, आणायचा. "खीळ दाबून काढाची चीज हाय, ठोकाची नाही. प्रेस राह्यला असता तर बापू खाली जाऊन ठोकत कायले बसला असता? आस सोडवून बाहीर घेऊ, प्रेसात धरू, झालं." आस सोडवायला आणि पुन्हा बसवायला मोटारीखाली शिरावंच लागणार होतं. ते त्याच्या तोंडून आलं नाही, पण ओसरीच्या दाराआड उभ्या सोजरच्या बांगड्या नसलेल्या हातांनी चौकट घट्ट धरलेली मी पाहिली.

रिसोडचा जीन-प्रेसचा कारखाना त्या साली बंद पडला होता. त्याच्या दुरुस्तीखान्यातले छोटे प्रेस विकायला निघाले होते. कोणता घ्यायचा ते शालिग्रामला काय कळणार! "सोजरले मालूम असंन," तो म्हणाला, "बापू तिच्यापाशी त्याइचंच बोले." विधवा बाईला खरेदीला कोण सोबत नेतं? त्यानं नेली.

गाडी मी हाकली. वाटभर ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत आणि त्यात नवल काही नाही. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. त्याला शिवायचं तर लांबच. पदर पुढे ओढते आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगते, भासरा समोर बसलेला असला तरी. तो तिसरा म्हणजे नेहमी मी. दोघांच्या मधे उभं राहून राहून माझं डोकं पिकायचं.

कारखान्यावर लालसिंग नावाचा राखणदार होता. त्यानं कुलूप काढलं. एक प्रेस मळसूत्राचा होता, त्याला आडवा दांडा धरून दोन माणसांनी फिरवायचं. बाकीचे दोन हायड्रॉलिक, तेलाच्या जोरावर चालणारे. बाजूचा दांडा वरखाली केला की मधला दट्ट्या हळूहळू वर चढायचा आणि वरच्या जाड पाटाशी भिडायचा. लालसिंगनं एक जुनी अडकलेली खीळ त्यातल्या अलीकडच्यात धरली. चार-सहा वेळा दांडा मारला. ठोका नाही, ठिणगी नाही. खीळ लोण्यातून निघावी तशी खाली पडली. शालिग्राम ती हातात घेऊन बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी भाऊ गेला, हे आम्हा दोघांच्या मनात एकदमच आलं असावं.

"प्रेस असा पारखाचा," लालसिंग म्हणाला. "दट्ट्या वर चढवून सोडून द्याचा, न् बिडी वढत बसाचं. जागेवर राह्यला तर आतलं तेल अडवनारं चामडं चांगलं. खाली आला तर गेलेलं."

दोन्ही दट्टे वर चढवले. अलीकडचा जागचा हलला नाही. पलीकडचा मात्र कुणी हात न लावता उतरू लागला. इतका सावकाश, की आधी वाटलं आपल्यालाच भास होतोय. तेलाचा सुस्कारा ऐकू येत होता. त्या बंद खोलीत मला सारखं वाटत होतं, पाटाखाली कुणीतरी निजलंय.

"सोजरले विचार," शालिग्राम म्हणाला. मी विचारलं.

तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि पलीकडच्या, उतरलेल्या प्रेसावर हात ठेवला. "यायले सांगा, भाऊजी. त्यायच्या मनात हाच होता."

"अवो बाई, त्याचं चामडं गेलं हाय," लालसिंग म्हणाला.

"गेलं तं गेलं," शालिग्रामनं त्याला गप्प केलं. "तिच्या तोंडून बापू बोलून राह्यला. चामडं आपण नवं बसवू."

नवं चामडं बसवलं. पुन्हा बसवलं. गोठ्यासमोर निंबाखाली प्रेस उभा करून शालिग्राम आधी तपासून बघायला बैलगाडीच्या मोडक्या चाकातली लोखंडी नळी त्यात धरायचा आणि दांडा मारायचा. दट्ट्या चढायचा, नळीला टेकायचा आणि सुस्कारा टाकून परत खाली यायचा. तेल मातीत जिरायचं. सोजर ओसरीतून बघायची. तिच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं आणि मला तिचा राग आला.

मग एका दुपारी गोठ्यात ठण् वाजलं आणि शालिग्रामनं दांडा हातातून सोडला. "समजलं," तो म्हणाला. "बापूले प्रेस नाहीच पाह्यजे. हा प्रेस त्यानं मुद्दाम दाखवला. त्याचं काम त्याच्याच घणानं व्हाव, असं त्याचं म्हननं हाय."

मी आडवा आलो तर त्यानं मला ढकललं. अंगानं तो माझ्या दुप्पट. घण उचलून तो मोटारीखाली शिरला, पाठीवर पडला. बाहेर नुसते पाय दिसत होते, जगदेवाचे दिसले होते तसेच. पहिला ठोका बसला. मोटार थरारली. दुसरा.

सोजर धावत आली. डोक्यावरचा पदर मागे पडलेला. तिनं भासऱ्याचे दोन्ही पाय घोट्यांपाशी धरले आणि फराफरा ओढून त्याला बाहेर काढलं. धोंडा हलला की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही. मोटार पडली नाही एवढं खरं.

"काहून वढलं हिनं?" शालिग्राम मातीतच बसून माझ्याकडे बघत ओरडला.

तिनं पदर ओढला, तोंड माझ्याकडे केलं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता, तरीही माझ्याकडेच. "भाऊजी, यायले सांगा. दहाव्याले म्याबी कबूल केलतं. या घरचं मानूस म्या पुन्हा त्या मोटारीखाली जाऊ देनार नाही, असं म्हटलं न् तवाच कावळा उतरला. तोच प्रेस चांगला नोहता, ते मले दिसत होतं. म्हनून म्या त्याच्यावर हात ठेवला. त्यायच्या मनात कोनता होता, मले काय मालूम! प्रेस चालला नाही, तं हे खाली जानार नाहीत, असं वाटलं मले."

मी सवयीनं तेच शालिग्रामला सांगायला लागलो.

"आयकलं मी," तो म्हणाला.

मग त्यानं मला विचारलं, "जानराव, कावळा कोनाच्या बोलन्यावर शिवला रे?"

मला काय ठाऊक? मी नदीवर होतो, दोघांकडेही बघत होतो, तरी मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुपारचा त्यांच्या घरी गेलो. शालिग्राम ओसरीच्या एका टोकाला, सोजर दाराशी ज्वारी पाखडत. घर सामसूम झालं आणि गोठ्यात पहिला ठोका पडला. सोजरचं सूप थांबलं. शालिग्राम उठेल, घण घेईल, म्हणून मी दार अडवून उभा राहिलो.

तो उठला नाही. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा तो सरळ तिच्याशी बोलला.

"वाजवू दे त्याले, सोजर. काम झालं तं निंघून जाईन थो."

तिनं मान हलवली. आवाज बंद होईपर्यंत दोघंही तशीच बसून राहिली.