जुन्या चावीचा ड्रायव्हर

जळगावच्या पिंप्राळ्यात प्रेमराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एकोणीस वर्षांपासून होतं. प्रज्ञाचं सव्वा वर्षापासून. दोन्ही दुकानांत जेमतेम पाचशे पावलांचं अंतर. आपण ती पावलं कधी मोजली नाहीत असं प्रेमराज बायकोला सांगायचा, पण एकदा त्यानं ती मोजली होती.

प्रज्ञा आधी त्याच्याकडेच कामाला होती. चार वर्षं. आली तेव्हा तिला स्क्रू कुठल्या बाजूनं फिरवायचा हे माहीत होतं, बाकी सगळं इथे शिकली. नंतर लग्न झालं, सासर पाचोऱ्याचं, नवरा जळगावातच नोकरीला. एक दिवस पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "सर, स्वतःचं सुरू करते. तुमचा आशीर्वाद असू द्या." प्रेमराजनं पेढा खाल्ला, आशीर्वादही दिला. त्याला वाटलं होतं, सहा महिन्यांत परत येईल.

ती आली नाही. उलट त्याची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. जाताना कोणी भांडलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. जीवराम आबांसारखा माणूस, ज्यांच्या पतपेढीचे सगळे कॉम्प्युटर त्यानं बसवले होते, ते रस्त्यात थांबून कौतुकानं म्हणाले, "तुझी पोरगी हुशार निघाली हां प्रेमराज! काय केलं ते लिहून देते कागदावर." तो हसला. घरी येऊन जेवताना भाजी खारट झाल्याचं निमित्त करून ताटावरून उठला. भाजी खारट नव्हती.

धुळ्याच्या ज्योती मॅडमही तशाच गेल्या. त्यांचं कानाच्या तपासणीचं क्लिनिक. ऐकू कमी येणाऱ्यांना त्या श्रवणयंत्र बसवत आणि ज्याच्या कानाला जसं हवं तसं ते कॉम्प्युटरवरून जुळवून देत. तिथला पहिला कॉम्प्युटर प्रेमराजनं बसवला होता, दुसराही. तिसरा प्रज्ञानं बसवला असता तर त्याला एवढं वाटलं नसतं. त्यानं बसवलेल्या दुसऱ्याचीच देखभाल तिच्याकडे गेली, ते त्याच्या मनातून जाईना.

म्हणून त्या सोमवारी सकाळी ज्योती मॅडमचा फोन आला तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवून तो उभाच राहिला.

"प्रेमराजभाऊ, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. निळा पडदा येतो, बंद होतो, परत सुरू होतो, परत निळा. प्रज्ञाचा फोन बंद आहे. तिच्या सासूबाईंचं आज पाचोऱ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आणि आज माझ्याकडे शिंदखेड्याकडचे पेशंट आलेत, तुम्हाला माहितीये सोमवारची गर्दी. येता का?"

"येतो ना," तो म्हणाला. नंतर उगाच जोडलं, "तिनं शेवटचं काय केलं होतं?"

"मागच्या महिन्यात यंत्र जुळवायची नवी पेटी आली, ती तिनं जोडून दिली."

"तरीच," प्रेमराज म्हणाला.

धुळ्याच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. पारोळा येईपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. 'मॅडम, तिचं वय लहान आहे, होतं असं.' हे चांगलं होतं. मोठ्या मनाचं वाटत होतं आणि जिथं लागायचं तिथं लागतही होतं.

क्लिनिकमध्ये बाकावर सातआठ जण बसले होते. कडेला एक म्हातारी, डोक्यावर पदर, मुठीत रुमालात बांधलेलं श्रवणयंत्र. नाव द्रौपदाबाई. प्रेमराजच्या हातातली अवजारांची बॅग बघून तिनं त्याची बाही धरली.

"भाऊ, मन्हा नातूनं लगीन शे परवा. माले काहीच ऐकू येत नही."

"होईल अक्का, होईल," तो ओरडून म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही, पण त्याच्या मान हलवण्यावरून ती समजली आणि तिनं बाही सोडली.

कॉम्प्युटर मॅडम म्हणाल्या तसाच वागत होता. सुरू होई, कंपनीचं चिन्ह दिसे, खाली ठिपके गोल फिरत आणि एकदम निळा पडदा. 'सेफ मोड'मध्येही तेच. मशीन स्वतःच स्वतःला दुरुस्त करायला बघे आणि जमलं नाही असं सांगून गप्प बसे. प्रेमराजनं सोबत आणलेला पेनड्राइव्ह लावला आणि त्यावरून मशीन उठवलं. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. आता आतल्या फाइली दिसत होत्या.

त्यानं दुसरीकडे कुठे बघितलंच नाही. थेट प्रज्ञानं टाकलेला नव्या पेटीचा ड्रायव्हर शोधला. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेल्या यंत्राची आणि कॉम्प्युटरची बोलणी करून देणारं छोटं सॉफ्टवेअर. ते नीट नसलं तर सुरू होता होताच सगळं कोसळतं. हाच असणार. हाच असायला हवा. त्यानं तो काढून टाकला.

"नवं टाकताना नीट बघावं लागतं मॅडम," दारात उभ्या असलेल्या ज्योती मॅडमना तो म्हणाला. "तिचं वय लहान आहे, होतं असं."

मशीन पुन्हा सुरू केलं. चिन्ह, ठिपके, निळा पडदा.

प्रेमराजच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो पुन्हा काळ्या खिडकीत शिरला आणि आता मात्र जसं करायला हवं होतं तसं केलं. आपोआप दुरुस्तीचा जो प्रयत्न फसला होता, त्याची नोंद मशीननं ठेवली होती. ती उघडून तो ओळीमागून ओळ वाचत गेला. शेवटी एका फाइलचं नाव होतं. या फाइलपाशी अडलो, असं मशीन सांगत होतं.

ते नाव त्यानं दोनदा वाचलं. मग फाइलची तारीख बघितली. दोन हजार सोळा.

ती प्रज्ञाची नव्हती. जुन्या पेटीसोबत एक चावी यायची, पेनड्राइव्हएवढी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. त्या चावीचा हा ड्रायव्हर. प्रेमराजनं स्वतः टाकलेला. ते सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वी बंद झालं तेव्हा काढायला इथे तोच आला होता, प्रज्ञाला सोबत घेऊन. प्रज्ञा तेव्हा म्हणाली होती, "सर, सॉफ्टवेअर गेलं, पण चावीचा ड्रायव्हर राहिलाय. काढू?" आणि जळगावची गाडी चुकू नये म्हणून तो म्हणाला होता, "राहू दे. तो काय खायला मागतो?"

दोन वर्षं त्यानं खरंच काही मागितलं नव्हतं. मालक गेला तरी हा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कामावर हजर होत होता. शनिवारी विंडोजचा मोठा अपडेट आला, आणि नव्या घरात या जुन्याचं जमेना.

प्रेमराजनं फाइलचं नाव बदलून ठेवलं, म्हणजे मशीनला ती सापडणार नाही. पुन्हा सुरू केलं. चिन्ह, ठिपके, ठिपके, आणि ज्योती मॅडमच्या मुलीचा फोटो असलेला नेहमीचा पडदा.

बाहेर बाकावर कोणीतरी टाळी वाजवली.

"कशामुळे झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

खरं सांगायला वेळ लागला नसता. पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर जीवराम आबा आले, 'तुझी पोरगी' म्हणताना. तो म्हणाला, "जुना ड्रायव्हर आत राहिला होता. नवी पेटी जोडताना जुनं साफ करायचं असतं. तिनं केलं नाही."

यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. ते त्यानं स्वतःला लगेच सांगून घेतलं.

ज्योती मॅडमनी सुस्कारा सोडला. "मग पुढच्या महिन्यापासून तुम्हीच बघत जा, भाऊ. मला असं सोमवारी अडून चालत नाही."

प्रेमराजला मनातून गोड वाटलं. कितीतरी दिवसांनी.

पण श्रवणयंत्र जुळवायची पेटी काही कॉम्प्युटरला सापडेना. सॉफ्टवेअर उघडलं तर 'पेटी जोडलेली नाही' असं सांगत होतं. सांगणारच. तिचा ड्रायव्हर त्यानंच तासाभरापूर्वी रागारागात उडवला होता. तो शोधत शोधत डी ड्राइव्हवर गेला. तिथे प्रज्ञाच्या नावाचं एक फोल्डर होतं. आत नव्या पेटीचा ड्रायव्हर नीट ठेवलेला, आणि शेजारी एक छोटी चिठ्ठी. त्यानं ती उघडली.

'नवी पेटी जोडली. जुन्या चावीचा ड्रायव्हर अजून आत आहे, मशीन सुरू होताना तोही सुरू होतो. काढायला हवा, नाहीतर अपडेटला अडचण येऊ शकते. आज पेशंट बसलेत, म्हणून मशीन बंद करता येत नाही. मॅडमशी बोलून पुढच्या भेटीत काढणे.' खाली तारीख.

प्रेमराजनं मागे बघितलं. मॅडम एका पेशंटच्या कानात दुर्बीण घालून वाकल्या होत्या. त्यानं चिठ्ठीवर टिचकी मारली आणि डिलीट केली. मग ड्रायव्हर टाकला. पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

यंत्र जुळवायला द्रौपदाबाईंचा नंबर पहिला लागला. यंत्र कानात बसवून मॅडम आवाज थोडाथोडा वाढवत असतानाच त्यांचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, माफ करा, फोन बंद होता," प्रज्ञाचा आवाज. "आत्ता आईंना खोलीत आणलं. काय झालं?"

"झालं ते झालं," मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या. "प्रेमराजभाऊंनी सुरू करून दिलं. जुना ड्रायव्हर तू साफ केला नव्हतास म्हणे."

"मॅडम, मी तुम्हाला म्हटलं होतं की एकदा मशीन तासभर बंद ठेवावं लागेल. तुम्ही म्हणालात, नंतर बघू. मी लिहूनही ठेवलंय. डी ड्राइव्हवर माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी आहे, उघडून बघा."

मॅडमनी माउस घेतला. फोल्डर उघडलं. "इथे काही चिठ्ठी नाही, प्रज्ञा."

"असेल मॅडम, मी स्वतः..."

"नाहीये."

फोनमधून हॉस्पिटलमधली कसलीतरी घंटी ऐकू आली. ती गप्प झाली तसं प्रेमराजला कळलं की तिला कळलंय. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलेलं माणूस, त्याला आपला स्वभाव माहीत असणार. ती आता त्याचं नाव घेईल असं त्याला वाटलं. ती घेईना. आपल्या डोक्यावरचं वजन ती गुपचूप उचलून घेतेय की काय, या विचारानं त्याला एकदम संताप आला. मोठेपणातही हिनंच पुढे जायचं?

"कचऱ्यात बघा," तो म्हणाला. "रिसायकल बिनमध्ये. मी टाकली."

ज्योती मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"आणि तो ड्रायव्हरही माझाच आहे. सोळा सालचा. दोन वर्षांपूर्वी हिनं काढू का म्हणून विचारलं होतं, मीच नको म्हणालो."

मॅडमनी चिठ्ठी परत आणली. वाचली. तारीख पाहिली. मग फार हळू विचारलं, "पण का, भाऊ?"

प्रेमराजला उत्तर माहीत होतं. ते एका ओळीचं होतं आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसानं बोलावं असं नव्हतं. "हिच्याकडे सगळे जातात," तो म्हणाला. "मला बघवत नाही."

बाकावरची माणसं जमिनीकडे बघू लागली. द्रौपदाबाईंना मात्र एव्हाना ऐकू यायला लागलं होतं. त्या एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

"सर," फोनमधून आवाज आला. रागावलेला होता, पण कामाचा होता. "तुम्ही फाइलचं फक्त नाव बदललंय की रजिस्ट्रीतली नोंदही काढलीय?"

"फक्त नाव."

"मग नोंद राहिलीय, मशीन ती फाइल शोधतच राहील. आता बसा, ती काढा. मी सांगते."

तो बसला. ती सांगत गेली, सर्व्हिसेसमध्ये जा, खाली या, त्या नावावर थांबा, आधी नक्कल ठेवून घ्या, मग काढा. प्रत्येक पायरी त्याला येत होती. त्यातल्या निम्म्या त्यानंच तिला शिकवल्या होत्या. उरलेल्या निम्म्या ती कुठून शिकली, कधी शिकली, हा प्रश्न त्याला माशीसारखा सतावत राहिला. तरी तो 'हं, हं' करत गेला आणि तिनं सांगितलं तसं करत गेला.

मशीन तीनदा बंद करून सुरू केलं. तिन्ही वेळा उठलं.

"पुढच्या महिन्याचं मी म्हटलं होतं ते राहू द्या," तो निघाला तेव्हा ज्योती मॅडम म्हणाल्या. त्यांनी चहा मात्र पाजला. द्रौपदाबाई जाता जाता त्याच्यापाशी थांबल्या. "भाऊ, आते बठ्ठं ऐकू ई राह्यनं," त्या म्हणाल्या, आणि मघाशी जे सगळं ऐकलं होतं त्याबद्दल काही न बोलता पायऱ्या उतरल्या.

परतीच्या गाडीत त्याला उभं राहावं लागलं. खरं बोलून मन हलकं होतं असं म्हणतात. त्याचं काही झालं नाही. नुसतं लाजल्यासारखं वाटत राहिलं आणि लाजेच्या खाली ती जुनी जळजळ तशीच होती.

गुरुवारी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा त्यानं उचलला.

"सर, पाचोऱ्याच्या शाळेची लॅब माझ्याकडे आलीय. तुम्ही बसवली होती ना बारा साली?"

ही पण गेली, प्रेमराजच्या मनात आलं. तिच्या दुकानातला गलका फोनमधून ऐकू येत होता, दोघंतिघं एकाच वेळी काहीतरी विचारत होते. त्याच्या दुकानात पंख्याशिवाय कोणी बोलत नव्हतं.

"हो. मीच."

"त्यात काय काय टाकलं होतं, आठवतं? नंतर काय काढलं, काय राहिलं? सोमवारसारखं व्हायला नको."

तिनं हे टोमण्यानं म्हटलं की सहज, ते त्याला ठरवता येईना. ती वाट बघत राहिली, गलका सुरूच होता.

"लिहून घे," शेवटी तो म्हणाला. "पंधरा मशीन आहेत. पहिलं दारापाशी, त्यात प्रिंटरचा जुना ड्रायव्हर राहिलाय. तो माझ्यामुळेच राहिलाय, तेही लिही."

"बोला सर," ती म्हणाली, आणि तिकडे कोणालातरी, "थांबा हो जरा, महत्त्वाचा फोन आहे."

तो पंधराव्या मशीनपर्यंत सांगत गेला.